पदराला बांधलेला फ्यूज

“मग चाचा, हो म्हणताय का नाही?”

आमच्या ह्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा दस्तगीरचाचा बशीत चहा ओतत होते. त्यांनी बशीवर फुंकर मारली. 

दस्तगीरचाचा म्हणजे आमच्या भागातल्या सगळ्या वायरमन लोकांचे गुरू. वय पंच्याहत्तरच्या पुढं. आता पिराच्या कट्ट्यावर असतात, झाडलोट करतात, ऊद लावतात. पण अजूनही कुणाचं काही अडलं की माणूस कट्ट्यावरच जातो. चाचांनी जोडलेल्या बोर्डाला पुन्हा हात लावावा लागत नाही, असं गावात म्हणतात. ह्यांनी त्यांच्या हाताखाली सहा वर्षं काढली.

गावात नवी अंगणवाडी बांधून झाली होती. तिचं वायरिंग ह्यांना हवं होतं, स्वतःच्या नावानं. सरपंच म्हणाले, “चाचांना हो म्हणू दे, काम तुझं.”

म्हणून सकाळीच चाचांना गाडीवर बसवून घरी आणलेलं.

“सहा वर्षं तुमच्याकडं शिकलो. चार वर्षं एकट्यानं करतोय. आता शिकायचं राहिलं काय?”

चाचा माझ्याकडं बघत होते. म्हणजे माझ्या कडेवरच्या तनूकडं. तेरा महिन्यांची आहे.

“पोरगी तेलानं चमकतीया,” ते म्हणाले. “दहा वाजले. आंघोळ न्हाई घातली?”

मी ह्यांच्याकडं बघितलं.

“तिला काय विचारता,” हे हसले. “भित्री भागूबाई आहे ती. पाणी तापून तासभर झाला. बटण बंद आहे. तरी बादलीला हात लावत नाही. का, तर प्लग निघत नाही.”

 माझी रीत ठरलेली होती. आधी पाणी तापवायच्या कांडीचं बटण बंद करायचं. मग प्लग काढायचा. मग कांडी बाजूला ठेवायची, आणि मगच पाण्यात हात. हे रोज हसायचे. म्हणायचे, कुलूप लावल्यावर दाराला दोरी कशाला बांधतेस?

आज प्लग निघालाच नाही. दोनदा ओढला, सगळा बोर्डच हलला. मग मी बादलीच्या आणि बोर्डाच्या पुढं ट्रंक सरकवली आणि तनूला कडेवर घेतलं. खाली सोडलीच नाही.

“आणि वास येतोय,” मी म्हणाले.

“झालं सुरू,” हे म्हणाले.

“कसला वास?” चाचांनी विचारलं.

“सुकटीचा.”

“श्रावण चाललाय चाचा,” हे म्हणाले. “घरात सुकटीचा तुकडा नाही. हिला भास होतात.”

“कधीपास्नं?”

“तीन दिवस झाले,” मी सांगितलं. “कांडी लावली की येतो. बंद केली की हळूहळू जातो.”

चाचांनी बशी खाली ठेवली. चहा तसाच राहिला.

मधल्या घरातला बोर्ड खाली आहे, जमिनीपासून हातभर. ह्यांनी ट्रंक बाजूला ओढली. चाचा काठी टेकत उकिडवे बसले. हात लावला नाही. नाक जवळ नेलं. “तापलेलं प्लॅस्टिक असाच वास मारतंय,” ते म्हणाले. प्लगच्या भोवतीची पांढरी पट्टी पिवळी पडली होती, करपलेल्या भाकरीच्या कडेसारखी. मला ती रोज दिसत होती. मी समजत होते, हळदीचा हात लागला असेल.

“दिगंबर,” चाचा म्हणाले, “काढ बघू.”

हे बाह्या सावरून पुढं झाले. हात प्लगपर्यंत पोचला आणि चाचांची काठी मनगटावर आडवी आली.

“वढणार?”

“मग? ओढल्याशिवाय निघतोय होय?”

“बटण?”

“बंद आहे की. दिसत नाही का तुम्हाला?”

“मला काळं बटण दिसतंय. बंद कुठं दिसतंय?”

हे हसले. मला हसू आलं नाही.

“टेस्टर हाय?”

ह्यांच्या खिशाला करंट दाखवणारा, पेनासारखा टेस्टर कायम अडकवलेला असतो. त्यांनी काढून दाखवला.

“पाण्याला इचार.”

“काय?”

“बादलीतल्या पाण्याला. नुसतं टोक टेकव.”

“चाचा, आता आंघोळीच्या पाण्याला कोण टेस्टर…”

“टेकव.”

हे वाकले. टेस्टरचं टोक पाण्याला टेकलं…

टेस्टरच्या पोटात तांबडा दिवा लागला.

 तनू दिव्याकडं बोट करून “दिया… दिया…” करायला लागली. मी तिला इतकं आवळलं की ती रडली.

“ह्या घराचं वायरिंग कुणी केलं?” चाचांनी विचारलं.

“…मीच.”

“कवा?”

“हिच्या बारशाच्या आदल्या दिवशी. पाव्हणे यायचे होते. गडबड झाली.”

करंट आधी बटणात यावा आणि मग प्लगात जावा, अशी रीत असते. म्हणजे बटण बंद केलं की तो अलीकडंच अडतो. ह्यांनी घाईत उलटं जोडलं होतं. बटण बंद केलं तरी करंट प्लगात येऊन बसलेला असायचा. वर्षभर. मी रोज प्लग काढत होते म्हणून…

पुढचं मी मनातसुद्धा बोलले नाही.

हे तडक मीटरकडं गेले आणि फ्यूज काढला. डोक्यावरचा पंखा मंदावत मंदावत थांबला. पेचकस घेऊन परत आले. कपाळाला घाम होता.

“आता तर झालं?”

“फ्यूज कुठं हाय?”

“मीटरच्या फळीवर ठेवलाय.”

चाचांनी एकदा दाराबाहेर बघितलं.

“बस,” ते म्हणाले. “आधी पाणी पी.”

“पाणी कशाला आता?”

“पी म्हटलं की.”

मी फुलपात्र भरून दिलं. हे भिंतीला टेकून बसले. एका हातात पेचकस, एका हातात फुलपात्र. अर्धं पाणी प्याले असतील…

डोक्यावरचा पंखा कुरकुरला. आणि फिरायला लागला.

आम्ही तिघंही वर बघत राहिलो.

बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, “अरे, लाईट गेली नव्हती! फ्यूज काढून फळीवर टाकला होता कुणीतरी. मी बसवला बघ. ह्या घरात माझ्याशिवाय कुणाचं म्हणून लक्ष नाही!”

ह्यांच्या हातातलं फुलपात्र खाली पडलं. पाणी पेचकसावरून वाहत गेलं.

“आई लई कामाची हाय तुझी,” चाचा म्हणाले.

हे उठले. पुन्हा मीटरकडं गेले. ह्या वेळी पांढरा चिनीमातीचा फ्यूज मुठीत घेऊन आले आणि चाचांपुढं धरला. चाचांनी घेतला नाही.

“मी म्हातारा माणूस. इसरून जाईन. घरात सगळ्यात जास्ती कोण भितंय?”

ह्यांनी माझ्याकडं बघितलं.

“तिला दे.”

त्यांनी दिला. हातात गार लागला.

“पदराला बांध, पोरी,” चाचा म्हणाले. “आणि मी मागितला तरी द्यायचा न्हाई.”

“तुम्ही मागितला तरी?”

“मी मागितला तरी. ह्यानं मागितला तरी. सासूनं मागितला तरी. तुझ्या मनाला पटंल तवाच.”

मी गाठ मारली. वर दुसरी मारली. मग तिसरी.

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. “हे काय नवीन? घरचा उजेड सुनेच्या पदरात?”

“आक्का, बसा,” चाचा म्हणाले. “तुमचंच काम चाललंय.”

ह्यांनी बादलीतल्या पाण्याला टेस्टर लावून बघितला. दिवा लागला नाही. तरीही चाचांकडं बघितलं. चाचांनी मान हलवली, तेव्हा कुठं बोर्डाचे स्क्रू काढायला घेतले. प्लग ओढलाच नाही. मागून वायरी सोडवल्या आणि प्लगसकट सॉकेटच बाहेर काढलं. दोन्हीचा एक गोळा झाला होता. वितळून एकमेकांत शिरलेले. पितळ काळं पडलेलं.

तो गोळा चाचांनी ह्यांच्या तळहातावर ठेवला.

“का चिकटला?”

ह्यांनी गोळा उलटून बघितला.

“काय केलं हुतंस प्लगाला?”

“सैल बसत होता… म्हणून सुरीनं पिना फाकवल्या.”

“म्हंजे घट्ट केलास.”

“हो.”

“फाकलेल्या पिना आत घातल्यावर सॉकेटाचं तोंड आणिक फाकलं का न्हाई?”

“…फाकलं.”

“घट्ट केलास म्हणून सैल झालं. सैल झालं म्हणून तापलं. तापलं म्हणून चिकटलं.” चाचा थांबले. “हे तुला शिकवायचं माझ्याकडनं राहून गेलं व्हय?”

हे तळहातावरच्या गोळ्याकडं बघत होते.

“शिकवलं होतं.”

“मग?”

“घरचंच काम… आपल्या घरात कोण बघतंय, म्हणून…”

“दिव्याखाली अंधार,” सासूबाई दारातून म्हणाल्या. “लोकांच्या घरी म्हणे ह्याची ख्याती!”

चाचांना हसू आलं. ह्यांना आलं नाही.

मग ह्यांनी सगळं नव्यानं केलं. नवं सॉकेट बसवलं. बटणाच्या वायरी बदलल्या. कांडीच्या दांड्यावर बारीक चीर निघाली, तिथूनच करंट पाण्यात उतरला होता; कांडी भंगारात टाकली. बादली मी मोरीत ओतली. चाचा मधे एकदाही बोलले नाहीत. फक्त बघत होते. पण त्यांचं नुसतं बघणं असं, की ह्यांचा हात आपोआप सावकाश चालत होता. एवढी वर्षं मी ह्यांना काम करताना बघते, असा हात मी बघितला नव्हता.

पट्टी बसवली. स्क्रू आवळले. हे उठले आणि माझ्यापुढं हात केला.

“दे फ्यूज.”

चाचांनी खोकल्यासारखं केलं.

ह्यांचा हात खाली आला.

“…देतेस का?”

मी बोर्डाकडं बघितलं. मला त्यातलं काय कळतंय? पण एक गोष्ट दिसली होती.

“ती हिरवी वायर,” मी म्हणाले, “जुनं काढलं तेव्हा मागं दुमडून ठेवलेली होती. ती आता कुठं जोडली?”

 पोरगी माझ्या मंगळसूत्राशी खेळत होती.

“अर्थिंगची,” हे पुटपुटले. पुन्हा खाली बसले. आवळलेले स्क्रू पुन्हा सोडले.

“ती वायर जोडलेली असती,” चाचा छताकडं बघत म्हणाले, “तर करंट जमिनीत गेला असता, पाण्यात दिवा लागला नसता.”

हिरवी वायर जागेवर गेली. पट्टी पुन्हा बसली. ह्या वेळी ह्यांनी हात पुढं केला नाही. नुसते माझ्याकडं बघत उभे राहिले.

“घ्या,” मी म्हणाले.

तनूला सासूबाईंकडं दिलं आणि गाठ सोडायला गेले. सुटेना. तीन गाठी, त्या पण भीतीनं मारलेल्या. तेलाचे हात, नख शिरेना. 

“अगं ओढ की जोरात!” हे म्हणाले. आणि स्वतःच पदराचं टोक धरलं, मुठीत गुंडाळलं…

चाचांची काठी भिंतीला टेकवलेली होती. त्यांनी ती उचलली नाही.

ह्यांची मूठ तशीच थांबली. मग सैल पडली.

हे खाली बसले. जमिनीवर, माझ्या पायापाशी. गाठ तळहातावर घेतली. फिरवून बघितली, कुठून सुरू होते आणि कुठं शिरते. मग नखानं एक धागा उचलला. मग दुसरा. जवळ मिश्रीची डबी होती, तिच्यातली काडी घेतली, ती हळूच आत सरकवली. पहिली गाठ सुटली. दुसरी सुटली.

“आज सूर्य कुठं उगवला म्हणायचा?” सासूबाई म्हणाल्या. पण हळू.

तिसरी सुटली. फ्यूज त्यांच्या हातात आला. ते उठले नाहीत.

“बसवू?”

“बसवा.”

पंखा फिरला. ह्यांनी बटण बंद केलं, टेस्टर लावला. दिवा लागला नाही. चालू केलं, लागला. पुन्हा बंद केलं. पुन्हा लावून बघितला. असं चार-पाच वेळा केलं. मी मोजत होते.

चुलीवर पाणी तापवून मी तनूला आंघोळ घातली. चाचा दुसरा चहा पिऊन उठले. ह्यांनी गाडी काढली. एरवी गाडीवर बसल्या बसल्या ह्यांचं तोंड सुरू होतं, आज नाही झालं. गाडी चालू केली, पुन्हा बंद केली.

“चाचा,” ते म्हणाले, खाली बघूनच, “अंगणवाडीचं राहू दे. सरपंचांना दुसऱ्या कुणाचं तरी नाव सांगा.”

चाचा काठी सावरत मागच्या सीटवर बसले. एक हात ह्यांच्या खांद्यावर ठेवला.

“काम तूच घे,” ते म्हणाले. “आणि उद्यापास्नं शिकायला ये.”