जास्तीचं वजन

सातपुड्यातल्या एका पाड्यावर बाईला साप चावला. पायथ्याच्या केंद्रावर परिचारिका यमुना पाडवीनं ड्रोनसाठी डबे आणले, बर्फाचा २.२ किलोचा, औषधाचा १.१. मर्यादा ३.३ किलोची, तरी कॉम्प्युटरनं ‘वजन जास्त’ म्हणून उड्डाण अडवलं.

यमुनेनं आकडे पुन्हा तपासले. “साहेब, बेरीज बरोबर आहे!”

“सिस्टर, कॉम्प्युटर चुकत नाही,” केंद्रप्रमुख कुलथे गुरकावले. “जास्तीचं काढा, मगच पाठवीन.”

“जास्त किती?”

कुलथ्यांनी आकडा उघडला. ३.३ पुढे चौदा शून्यं आणि मग तीन.

“ही यंत्राच्या बेरजेतली कणभर चूक आहे,” यमुनेनं औषधाचा डबा त्यांच्यापुढे सरकवला. “वजनच म्हणत असाल, तर एवढं तुम्हीच काढून द्या.”

कुलथ्यांनी परवानगीचं बटण दाबलं. बाई वाचली.