सगळ्या कामाला एकच बंदूक

एका गावात एक भोळा शिकारी होता. गाव आमचं, शिकारी मी. शेजारीपाजारी ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगतात, त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका.

आमच्या रताळ्यांच्या वावरात रानडुकरं शिरायची. माझी बायको शेवंता एक दिवस म्हणाली, "यंदा रताळी घरात आली न्हाईत, तर मी म्हायेरी जाणार. सांगून ठिवते."

मी घाबरलो. मला चहासुद्धा करता येत नाही, आणि शेवंता मला फार आवडते. दुसरं कारण तिला कधी सांगितलं नव्हतं, ते सोडा.

मी सरकारी परवाना काढला आणि गावातले जुने शिकारी सोनूआप्पा यांना गाठलं. ते म्हणाले, "एकच बंदूक घे, पर सगळ्या कामाला चालंल अशी."

शहरातल्या दुकानदाराला मी तेच सांगितलं.

"कुठली कामं?"

"डुक्कर मारायचं, चिंचा पाडायच्या, वरातीत बार काढायचा. मधल्या वेळात दाराला अडसर."

दुकानदार खाली बसला. मग त्यानं दुर्बीण लावलेली रायफल दिली आणि म्हणाला, "डुकरापासून सशापर्यंत हे एकच काडतूस. फक्त कोरडं ठेवा."

आप्पांनी बजावलं, "लांबूनच मार. डुक्कर जवळ आलं तर झाडावर चढ."

संध्याकाळी वावराच्या पार त्या टोकाला डुक्कर आलं. मी दुर्बिणीला डोळा लावला. डुक्कर नाकासमोर! रायफल टाकली आणि आंब्यावर चढलो. डुकरानं दोन वाफे खाल्ले.

"आरं येड्या, दुर्बिणीत जवळ दिसतं, पर असतं लांब," आप्पा म्हणाले. "भ्यायचं न्हाई. बसून ऱ्हायचं."

दुसऱ्या दिवशी डुक्कर खरोखरच शेजारी येऊन उभं राहिलं. मी मनात म्हटलं, जवळ दिसतंय, म्हणजे लांब आहे. बसून राहिलो. त्यानं चार वाफे खाल्ले आणि माझ्या मांडीवरची भाकरीही खाल्ली.

"बार का न्हाई काढला?"

"काडतुसं घरी होती आप्पा. पिठाच्या डब्यात. कोरडी."

आप्पांनी कपाळाला हात लावला. "काडतूस भरून बस! हाललं की बार!"

तिसऱ्या दिवशी वाऱ्यानं बुजगावण्याची बाही हलली. मी बार काढला. बुजगावण्याच्या अंगात सासऱ्यांनी लग्नात दिलेला कोट होता. आता नाही. त्या आवाजानं डुकरं पळत सुटली, तसा मी ओरडलो, "थांबा, थांबा!" ती थांबली. वळली. मला आणि उरलेल्या वाफ्यांना तुडवून गेली.

आप्पांनी हळद लावता लावता सांगितलं, "जाणाऱ्याला हाक मारू नये, बाबा. श्वास धरून बसायचं, आन् नजरंआड होईस्तवर दुर्बिणीतनं बघायचं."

हे मात्र मी पाठच केलं.

सकाळी शेवंता गाठोडं घेऊन निघाली. मी बांधावर बसलो. रायफलीतलं काडतूस काढून ठेवलं, तेवढी अक्कल होती. दुर्बिणीला डोळा लावला. ओढ्यापाशी ती थांबली, मागं वळली. वडापाशी पुन्हा थांबली. टेकाडावर तर गाठोडं खाली ठेवून, पदरानं डोळे पुसत, घटकाभर माझ्याकडे बघत उभी राहिली. एका हाकेची वाट बघत होती बिचारी, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

मी श्वास धरला. ती दिसेनाशी होईपर्यंत सोडला नाही. पहिल्यांदाच मला सगळं बिनचूक जमलं.