टिचकीला हवी दोन बेचकी

बांधाखाली एक बीळ. बिळात एक चिचुंद्री. तिचं नाव टिचकी.

टिचकी एवढीशी. नाक मात्र लांबच लांब. चालली की तुरुतुरु. बोलली की चिक चिक.

टिचकीच्या दारात एक निळी सायकल. टोपणाएवढी चाकं. मोहरीएवढी घंटी. ती आबांची सायकल. आबा म्हणजे टिचकीचे आजोबा. आबा आता नव्हते. सायकल होती.

आज टिचकी लवकर उठली. नाक धुतलं. मिशा विंचरल्या. घंटी पुसली. ट्रिंग!

का बरं? कारण आज आत्याची पिल्लं डोळे उघडणार होती!

चिचुंद्र्यांच्या घरी एक रीत असते. पिल्लं डोळे उघडतात ना, तेव्हा आईच्या माहेरचं कुणीतरी समोर बसायचं. पिल्लांनी आधी त्याला बघायचं. मग बाकीचं जग बघायचं. आजवर आबा जायचे. आता टिचकी जाणार होती.

आत्याचं घर लांब. शेताच्या पार पलीकडे. चालत गेलं तर रात्र होईल. सायकलीनं गेलं तर उजेडातच पोचेल.

टिचकी सायकलीवर बसली. पायडल मारलं.

खट्! खड खड खड...

चेन पडली.

चेन पडली की आबा सायकल उचलून धरायचे. टिचकी चेन बसवायची आणि पायडल फिरवायची. आता कोण धरणार?

टिचकीनं सायकल उचलली. मग चेनला हात पुरेना. टिचकीनं चेन धरली. सायकल पडली. धप्प!

टिचकीनं पुन्हा उचलली. पुन्हा पडली. धप्प!

"सायकल टांगायला काहीतरी हवं," टिचकी म्हणाली. तिनं घरातले दोन शेंगदाणे घेतले आणि निघाली दुकानात. तुरुतुरु, तुरुतुरु.

दुकान साळिंदरकाकांचं. त्यांच्या दुकानात फळ्या नव्हत्या. सगळा माल काकांच्या काट्यांवरच टांगलेला. या काट्यावर घंटी. त्या काट्यावर वंगणाची डबी.

"काका, काका, सायकल टांगायचं स्टँड आहे?"

"आहे तर! हे बघ लोखंडी. चकचकीत. शंभर शेंगदाणे."

टिचकीनं आपले दोन शेंगदाणे पाहिले.

"हे बघ अर्धं स्टँड. नुसतं मागचं चाक उचलतं. चाळीस शेंगदाणे."

टिचकीनं पुन्हा आपले दोन शेंगदाणे पाहिले.

"मग हे घे. प्लॅस्टिकचं. दोन शेंगदाणे." काकांनी त्यावर नुसता हात ठेवला. कट्! पाय मोडला.

"हे मी विकत नाही," काका घाईघाईनं म्हणाले. "नुसतं दाखवतो."

मग काका हळूच खाली वाकले. "हे बघ पोरी. माझ्याकडे रोज दहा सायकली येतात. मला लोखंडी लागतं. घरी काय, महिन्यातून एकदा चेन पडणार. तुला ते कशाला? दोन बेचकी, म्हणजे दोन फाट्यांच्या काटक्या, जमिनीत रोव. वर एक आडवा दांडा ठेव. दांड्यावर सीट अडकव. झालं स्टँड!"

"आणि दांडा?"

"हा घे माझा गळलेला काटा. एक शेंगदाणा दे. पण बेचकी पेरूचीच आण हं. पेरूचं लाकूड चिवट."

टिचकीनं एक शेंगदाणा दिला, एक खाल्ला. काटा खांद्यावर घेतला. आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

बांधावर पेरूचं झाड होतं.

"पेरूदादा, पेरूदादा, दोन बेचकी दे ना!
सायकल टांगवेना,
चेन बसेना,
आणि आत्याची पिल्लं आज डोळे उघडणार!"

पेरू म्हणाला, "देईन की! द्यायला काय झालं? ही बघ, दोन वाळकी बेचकी. पण दोन्हींच्या मधे कोळी राहतो. कोळी हलला तर देईन."

टिचकी वर चढली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"कोळीभाऊ, कोळीभाऊ, हल ना!
पेरू देईना,
सायकल टांगवेना,
चेन बसेना,
आणि आत्याची पिल्लं आज डोळे उघडणार!"

कोळी म्हणाला, "हलेन की! हलायला काय झालं? आठ पाय आहेत मला. पण जाऊ कुठं? कुंपणाच्या तारेवर झकास जागा आहे. पण तिथं सरडा बसलाय. सरडा सरकला तर हलेन."

टिचकी खाली उतरली. कुंपणाशी गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"सरडेराव, सरडेराव, सरका ना!
कोळी हलेना,
पेरू देईना,
सायकल टांगवेना,
चेन बसेना,
आणि आत्याची पिल्लं आज डोळे उघडणार!"

सरड्यानं मान हलवली. खाली, वर. खाली, वर. टिचकीला वाटलं, हो म्हणाला.

"हो नाही म्हणालो," सरडा म्हणाला. "माझी मान अशीच हलते. सरकेन की! सरकायला काय झालं? पण जाऊ कुठं? त्या दगडावर छान ऊन आहे. पण तिथं बेडूक बसलाय. बेडूक उडाला तर सरकेन."

टिचकी दगडाशी गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"बेडूकतात्या, बेडूकतात्या, उडी मारा ना!
सरडा सरकेना,
कोळी हलेना,
पेरू देईना,
सायकल टांगवेना,
चेन बसेना,
आणि आत्याची पिल्लं आज डोळे उघडणार!"

"कोण बोललं?" बेडकानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "अगं, तू होय! मला वाटलं, नाकच बोललं. मारेन की उडी! मारायला काय झालं? ऊन लागून पापड झालाय माझा. पण जाऊ कुठं? डबकं माझं, आणि बसली आहे म्हैस. तिच्या शेजारी गेलो तर चपटा होईन. म्हैस उठली तर उडी मारेन."

टिचकी डबक्याशी गेली. तुरुतुरु, तुरुतुरु.

डबक्यात म्हैस. काळीभोर. डोंगराएवढी. नुसतं डोकं आणि चिखलानं माखलेली पाठ वर.

"म्हैसमावशी, म्हैसमावशी, ऊठ ना!
बेडूक उडेना,
सरडा सरकेना,
कोळी हलेना,
पेरू देईना,
सायकल टांगवेना,
चेन बसेना,
आणि आत्याची पिल्लं आज डोळे उघडणार!"

म्हशीनं एक कान हलवला. फट्.

"उठेन की," म्हैस म्हणाली. "उठायला काय झालं? पण पाठीला खाज सुटलीय बाई. चिखलात आहे म्हणून जिवाला बरं. रोज बगळा येतो, पाठ टोचून देतो. आज फिरकलाच नाही. बगळा आला तर उठेन."

टिचकीनं पाहिलं. बगळा दिसला. लांब, लांब, लांब. शेतात ट्रॅक्टर चालला होता. बगळा ट्रॅक्टरच्या मागे चालला होता. किडे टिपत होता. ठुमकत, ठुमकत.

"बगळेदादाऽऽऽ!"

टिचकीचा आवाज केवढा? चिक. बगळ्यानं वळूनही पाहिलं नाही.

ऊन पिवळं व्हायला लागलं.

टिचकी डबक्याच्या काठावर बसली. काटा शेजारी ठेवला. आणि हळूच म्हणाली,

"बगळा येईना,
म्हैस उठेना,
बेडूक उडेना,
सरडा सरकेना,
कोळी हलेना,
पेरू देईना,
सायकल टांगवेना,
चेन बसेना..."



आबा असते तर काय म्हणाले असते? आबा काही म्हणाले नसते. आबा फार बोलायचे नाहीत. आबांनी नुसते पंजे चोळले असते आणि कामाला लागले असते.

टिचकीनं आपले पंजे पाहिले. दोन्ही रिकामे होते. पाच पाच नखंही होती. बारीक, टोकदार.

टिचकीनं पंजे चोळले.

"म्हैसमावशी," ती म्हणाली, "मी खाजवू का?"

"तू?" म्हैस हसली. डबकं हललं. "अगं, माझ्या पाठीवर तू सापडायची नाहीस!"

पण टिचकी चढलीसुद्धा. काठावर पडलेल्या शेपटीवरून. तुरुतुरु, तुरुतुरु.

खर्र खर्र. खर्र खर्र.

"आहाहा," म्हैस म्हणाली. "जरा वर."

खर्र खर्र. खर्र खर्र.

"तिथं नको. इकडे. हां, हां, तिथंच! अगो बाई! बगळ्याला काय येतंय यातलं? तो नुसता टोचतो."

खर्र खर्र. खर्र खर्र. टिचकीचे पंजे दुखायला लागले. टिचकी थांबली नाही.

म्हशीनं डोळे मिटले. म्हशीनं डोळे उघडले. "गेली गं खाज!" म्हैस म्हणाली.

आणि मग काय झालं?

खाज गेली, म्हैस उठली. भळ्ळ!

म्हैस उठली, बेडूक उडाला. डुबुक!

बेडूक उडाला, सरडा सरकला. सर्र!

सरडा सरकला, कोळी हलला. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ! आठ पाय उचलले, तारेवर गेला.

कोळी हलला, पेरूनं अंग झटकलं. टप्प! टप्प! दोन बेचकी खाली.

"ने गं," पेरू म्हणाला. "जपून ने. टोकं लागतील."

टिचकीनं दोन बेचकी ओढली. काटा ओढला. घरी आणली. सर्र सर्र, सर्र सर्र.

एक बेचकं इथं रोवलं. ठक ठक. एक बेचकं तिथं रोवलं. ठक ठक. वर काटा आडवा ठेवला. सायकल उचलली. हुश्श! सीट काट्यावर अडकवली.

टिचकीनं एक हात सोडला. मग दुसरा हात सोडला.

सायकल पडली नाही. कुणीतरी घट्ट धरून ठेवल्यासारखी राहिली.



मग तिनं एका हातानं चेन धरली. दुसऱ्या हातानं पायडल फिरवलं. चेन कुठं गेली ते बघायला नाक आत घातलं.

कर्र... कर्र... खट्! चेन बसली.

टर्रर्रर्र! चाक फिरलं.

आणि टिचकी निघाली. बांधावरून टर्रर्र. पेरूखालून टर्रर्र. कोळ्यानं एक पाय हलवला. सरड्यानं मान हलवली. बेडूक ओरडला, "डरांव! बघा, नाक सायकलीवर चाललं!" म्हशीनं कान हलवला. फट्. शेताच्या कडेनं टर्रर्र, टर्रर्र, टर्रर्र.

आत्या दारातच उभी होती.

"आलीस गं माझे बाई! म्हटलं, या खेपेला माहेरचं कोण येणार?"

"मी," टिचकी म्हणाली.

आत्यानं तिच्या तोंडावरून हात फिरवला. "आणि नाकाला हे काळं काय?"

"चेनचं वंगण."

"असू दे, असू दे. पुसायला वेळ नाही. बस लवकर."

आत तीन पिल्लं. गुलाबी गुलाबी. मऊ मऊ. डोळे घट्ट मिटलेले.

टिचकी समोर बसली. अगदी गप्प बसली.

पहिल्या पिल्लानं डोळे उघडले. टुक! त्याला दिसली टिचकी.

दुसऱ्या पिल्लानं डोळे उघडले. टुक! त्याला दिसली टिचकी.

तिसरं पिल्लू आळशी. त्यानं आधी जांभई दिली. मग एक डोळा उघडला. मग दुसरा उघडला. टुक, टुक! त्यालाही दिसली टिचकी. लांब नाकाची, काळ्या शेंड्याची.

"चिक!" तिन्ही पिल्लं म्हणाली.

मग पहिल्या पिल्लानं टिचकीची शेपटी तोंडात धरली. दुसऱ्यानं पहिल्याची धरली. तिसऱ्यानं दुसऱ्याची धरली. आणि निघाली सगळी जग बघायला. पुढे टिचकी, मागे पिल्लं. तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु, तुरुतुरु.

चाक फिरलं, गोष्ट पोचली. पिल्लांनी डोळे उघडले. आता तुम्ही मिटा पाहू.