दौलतरावांच्या बागेतले सात टेलिफोन

निळ्याशार समुद्राच्या काठी, हिरव्यागार माडांच्या दाटीत शिंपलेवाडी नावाचं इवलंसं बंदर होतं. तिथे येसू नावाची आठ वर्षांची मुलगी आपल्या बाबांबरोबर राहायची. आई नव्हती. घर आपलं म्हणायला घर. वरच्या झावळ्यांतून ऊन आत यायचं आणि चांदणंही. येसूच्या दोन परकरांना मिळून नऊ ठिगळं होती. बाबा पहाटे होडी घेऊन मासे धरायला जायचे आणि येसू दौलतरावांच्या बागेत वेण्यांसाठी फुलं वेचायची. पोटात कावळे कोकलत असले तरी ती प्रत्येक फांदीवर एक चिमुकली कळी मागे ठेवायची. सगळीच नेली तर फुलपाखरांनी काय खायचं, असं तिचं म्हणणं होतं.

हे दौलतराव म्हणजे बडं प्रस्थ, आणि हौसेला मोल नाही असा कारभार. बंदराच्या कचेरीत पूर्वी एक पितळी टेलिफोन होता. उभा दांडा, वर बोलायचा काळा कर्णा, बाजूच्या आकड्याला अडकवलेली कानाची नळी आणि खाली फिरवायचं हँडल. त्याची तार समुद्राखालून थेट खडकावरच्या दीपगृहात जायची. एके वर्षी तार तुटली, फोन मुका झाला, आणि दौलतरावांनी तो शोभेसाठी बागेत आणला. एकाने त्यांचं कुठलं भागतंय? अंतोबा तांबटाकडून त्यांनी आणखी सहा हुबेहूब करून घेतले. सात वेलींचे सात मांडव, प्रत्येकाखाली एक टेलिफोन. पाहुण्यांना ते सातही पुराणे म्हणून सांगायचे आणि मिशांना पीळ द्यायचे. मग एकदा रंगकामात सगळे इकडचे तिकडे झाले, आणि त्यातला खरा कुठला हे कुणालाच कळेना.

थंडीचे दिवस होते. त्या सकाळी येसू कृष्णकमळाच्या वेलीशी उभी होती आणि तिचं लक्ष सहज समुद्राकडे गेलं. समुद्र दिसेनाच. एक पांढरं, जाड धुकं पाण्यावरून किनाऱ्याकडे सरकत होतं. बंदरातल्या बाराही होड्या बाहेर होत्या. बंदराच्या तोंडाशी काळ्या खडकांची रांग होती, आणि धुक्यात त्या खडकांमधली वाट सापडायची तर दीपगृहाची घंटा वाजायलाच हवी. पण दिवेवाले बाबूतात्या रात्रभर जागून दिवसा झोपायचे. त्यांना उठवायला जाणार कोण? किनाऱ्यावर एकही होडी उरली नव्हती.

येसूच्या हातातून टोपली पडली.

तेवढ्यात कृष्णकमळाचं एक जांभळं फूल हळूच उघडलं आणि त्यातून बोटभर उंचीची एक परी बाहेर आली. तिचे पंख मोतिया रंगाचे होते, झग्यावर दवाचे इटुकले थेंब लुकलुकत होते आणि केसांत पिवळाधमक पराग होता.

"घाबरू नकोस, येसू," परी म्हणाली. "तू रोज मागे ठेवतेस त्या कळ्यांत मी झोपते. आज तुझी एक इच्छा मी पुरी करणार आहे. एकच हं."

"बाबूतात्यांना उठवशील, परीताई? घंटा वाजवायला सांगशील?"

परीचा चेहरा उतरला. "माझा हात समुद्रावर दोनच वाटांनी पोचतो, बाळा. एक रक्ताच्या नात्याची वाट. तू म्हणालीस तर तुझ्या बाबांना या क्षणी इथे आणते, अगदी नक्की. पण तुझ्या बाबांनाच. बाकी अकरा होड्यांतल्या कुणाशी तुझं रक्ताचं नातं नाही."

"आणि दुसरी वाट?"

"तारेची. दीपगृहाची तुटलेली तार मी माझ्या उजेडाने जोडू शकते. पण तिला खरा टेलिफोन लागतो. खोट्यात शिरले तर माझा उजेड वाया जाईल, आणि तुझी इच्छाही. खरा कुठला ते मला दिसतं, पण सांगायची मनाई आहे. तू बघ, वास घे, बोट लाव. मात्र उचलायचा नाही की उघडायचा नाही. आणि लवकर ठरव. धुकं माझ्या पंखांना लागलं की मी विझेन."

येसूला रडू फुटलं. बाबा आत्ता, इथे, नक्की. तोंडातून ते शब्द निघणारच होते. मग तिला शेजारची पारूकाकी आठवली. पारूकाकीचे दोन्ही मुलगे आज समुद्रावर होते, आणि काकी किनाऱ्यावर पदर तोंडात धरून उभी असणार. तिच्यासमोर आपण बाबांचा हात धरून कसं जायचं? येसूने डोळे पुसले.

"तारेची वाट," ती म्हणाली.

बागेत एक म्हातारा माणूस फडक्याने पितळ पुसत बसला होता. तोच अंतोबा तांबट. येसू धावत त्याच्याकडे गेली आणि धापा टाकत तिने सगळं सांगितलं. अंतोबा ताडकन उठला. त्याचा थोरला नातूही होडीवर होता.

"पोरी, माझ्याच हातचे सहा आहेत हे," तो कपाळावर हात मारून म्हणाला, "पण आता माझं मलाच ओळखू येत नाही. चिंच-मिठाचा लेप दिला, महिनाभर ओल्या मातीत पुरले, तेव्हा कुठे असं काळं-हिरवं जुनेपण चढलं. दौलतराव शाबास म्हणाले आणि मी फुशारलो. कुठून दुर्बुद्धी सुचली."

"खऱ्याची खूण काहीच नाही का, काका?"

"ये, बघू."

ते पहिल्या मांडवाशी गेले. टेलिफोनच्या बैठकीच्या कडेवर कारखान्याचं नाव ठसठशीत दिसत होतं. अंतोबाने त्यावरून अंगठा फिरवला. "हा नव्हे. खऱ्याचं नाव कचेरीतल्या शिपायाने रोज घासून घासून पुसट केलेलं. सुरुवातीच्या तीन नकलांवर मी ते मुद्दाम खोल कोरलं होतं, पाहुण्यांना वाचता यावं म्हणून." दुसरा आणि तिसरा मांडवही असाच बाद झाला. चौथ्या मांडवाखालच्या टेलिफोनचं नाव मात्र पुसट होतं. पाचव्याचं, सहाव्याचं, सातव्याचंही.

धुकं बागेच्या कुंपणावरून आत आलं. पहिला मांडव दिसेनासा झाला.

"तारा बघू या," येसू म्हणाली. तारेवरचं सुती वेष्टण सगळ्यांचं सारखंच मळकं होतं.

"ती वेष्टणं मी चहात बुडवलेली आहेत. खऱ्याचंसुद्धा मीच बदललं, उंदराने कुरतडलेलं म्हणून."

"मग दांडा? धरून धरून झिजला असेल."

अंतोबाने मान हलवली. "माणूस डाव्या हाताने दांडा धरतो, म्हणून अंगठ्याखाली झीज पडते. तीही मी केली, पोरी. वाळूने घासून, प्रत्येकावर तिथल्या तिथे."

दुसरा मांडव गेला. तिसरा गेला. परी येसूच्या खांद्यावर बसली होती आणि तिचे पंख कडेने ओलसर व्हायला लागले होते.

येसूने चौघांचाही वास घेतला. पितळ, माती, चिंच. स्क्रूंवर बोट फिरवलं. सगळ्यांच्या खाचा सारख्याच चेचलेल्या. या अंतोबाने काही म्हणून सोडलं नव्हतं. तिला त्याचा राग यायला हवा होता, पण तिने त्याचे पितळाने काळे झालेले हात आपल्या हातात घेतले.

"काका, तुम्ही खूप छान केलेत हे," ती म्हणाली. "एवढंच सांगा, तुम्ही काय बघून केलेत?"

"हात बघून," अंतोबा घोगऱ्या आवाजात म्हणाला. "माणसाचा हात कुठे कुठे लागतो ते."

येसू थबकली. टेलिफोनला हात लागतो खरा. पण टेलिफोनशी माणूस बोलतो. ती चौथ्या टेलिफोनसमोर गुडघ्यांवर बसली, बोलणारा माणूस आणेल तसं तिने तोंड कर्ण्याजवळ आणलं आणि आत पाहिलं. आत मातीने मळलेला काळा रंग, सगळीकडे एकसारखा. पाचव्यातही तसाच. धुकं तिच्या पावलांशी आलं. सहाव्या मांडवाखाली ती धावत गेली आणि वाकली. कर्ण्याच्या आत, खालच्या बाजूला, काळा रंग उडून चंद्रकोरीसारखा तपकिरी डाग पडला होता. वर्षानुवर्षं कुणीतरी तिथे बोललं होतं, हसलं होतं, दमून सुस्कारे टाकले होते. सातव्यात डाग नव्हता.

अंतोबाने वाकून पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "हाताची झीज केली मी," तो म्हणाला. "श्वासाची करायचं सुचलंच नाही."

"हाच, परीताई," येसू म्हणाली.

"नक्की?"

येसूने पुन्हा एकदा आत पाहिलं. "हो, नक्की."

परीने पंख मिटले आणि एक लखलखता ठिपका होऊन ती कर्ण्यात शिरली. काहीच झालं नाही. सगळीकडे पांढरं झालं, अंतोबासुद्धा दिसेना. येसूने चाचपडत हँडल धरलं, गरागरा फिरवलं आणि नळी कानाला लावली. आत नुसती खरखर. तिने पुन्हा फिरवलं. मग खूप लांबून, झोपेत असल्यासारखा आवाज आला.

"कोण आहे? ही तार तर मेली होती ना?"

"बाबूतात्या, मी येसू बोलतेय, बंदरातून. धुकं आलंय. सगळ्या होड्या बाहेर आहेत. घंटा वाजवा."

पलीकडे काहीतरी धाडकन पडलं. आणि मग समुद्रावरून, त्या पांढऱ्या धुक्यातून, घंटेचा पहिला ठोका आला. मग दुसरा.

बराच वेळ फक्त घंटा होती. अंतोबा चाचपडत किनाऱ्यावर गेला आणि तिथून ओरडून एकेक आकडा सांगू लागला. एक होडी. दोन. पारूकाकीचे मुलगे आले, पाचवे. अंतोबाचा नातू आठवा. येसू प्रत्येक आकडा फोनमध्ये सांगत होती आणि बाबूतात्या घंटेचा दोर ओढत होते. नऊ. दहा. अकरा.

मग काही नाही.

"किती झाल्या ग?" तात्यांनी विचारलं. "हात भरून आले, पण थांबत नाही मी. किती?"

"अकरा," येसू म्हणाली. बाबांची राहिली होती. तिने रक्ताची वाट सोडली होती, आणि आता ती पुन्हा मागता येणार नव्हती. तिने नळी कानाशी घट्ट धरली. घंटा वाजत राहिली.

वाळूवरून पावलं आली. ओली, जड, ओळखीची पावलं. धुक्यातून एक हात पुढे आला आणि तिच्या डोक्यावर टेकला. बाबांनी परगावच्या एका फुटलेल्या होडीला दोर बांधून ती ओढत आणली होती, म्हणून ते सगळ्यांच्या मागे राहिले होते.

"बारा, तात्या," येसू म्हणाली आणि हमसाहमशी रडू लागली.

त्या क्षणी कर्ण्यातून सोनेरी, गुलाबी, जांभळा उजेड उसळला. धुकं फाटलं. उजेडाच्या मधोमध इवलीशी परी हसत उभी होती. "माझा उजेड त्या तारेत ठेवून जाते," ती म्हणाली. "तुझ्यासाठी काही मागितलं नाहीस, म्हणून हे माझ्याकडून." आणि ती ऊन होऊन पाण्यावर पसरली.

त्यानंतर टेलिफोन पुन्हा बंदराच्या कचेरीत गेला. कचेरीशेजारची कौलारू खोली गावाने येसू आणि तिच्या बाबांना दिली, कारण परीची तार येसूच्या हाताशिवाय बोलायची नाही. दौलतराव चार दिवस मिशांना हात न लावता फिरले. आणि अंतोबाने बागेतले सहाही टेलिफोन उलटे करून प्रत्येकाच्या तळावर कोरलं: हा मी केला, अंतोबा तांबट. शिंपलेवाडीत आजही धुकं येतं, घंटा वाजते आणि होड्या घरी येतात. तशाच तुमच्याआमच्या घरच्याही येवोत.