शिवेवरच्या वहाणा

"मग रान कुणाचं, तेवढं सांगा बुवा."

धाकलू झोरे देवळाच्या पायरीशी उभा राहून विचारत होता. समोरच्या डोंगरावर वणवा लागला होता, आणि धूर पाहून बयाजीबुवांनी त्याला माणसं घेऊन जायला सांगितलं होतं.

धाकलू बुवांचा शिष्य. धनगरवाड्यात त्याचा शब्द खाली पडत नसे, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. रानाचं अभयारण्य झालं तेव्हा त्याच्या म्हशींची वाट बंद झाली, आईच्या डोक्यावरची मोळी उतरवून घेतली गेली. त्याचा राग खरा होता. म्हणून त्यानं वाड्याला बजावलं होतं, सरकारचं रान, सरकारची आग, कुणी हलायचं नाही.

शिवेच्या धोंड्यापाशी वहाणा काढून रानात शिरायचं, ही वाड्याची पूर्वापार रीत. अभयारण्याची पाटी लागली त्या दिवसापासून धाकलू मुद्दाम चपला घालून आत जाई. पाटीवाल्यांच्या रानात देव राहत नाही, म्हणे.

बुवांनी काठी जवळ ओढली.

"बराबर हाय तुझं," ते म्हणाले, आणि काठी घेऊन उठले.

"कुठं निघाला?"

"इझवायला."

म्हातारा वणव्याच्या दिशेनं चालू लागला. धाकलू मागोमाग. त्याचं तोंड वाटभर चालूच होतं: बुवांचं वय, साहेबांचा तोरा, आईची मोळी. धोंड्यापाशी बुवांनी वहाणा काढल्या, एक हिरवी डहाळी मोडली आणि आत शिरले. धाकलू बोलत बोलतच त्यांच्या मागे गेला.

कारवी तडतडत पेटली होती. एकटा वनरक्षक धुरात डहाळी आपटत होता, बिचाऱ्याचे डोळे लाल झाले होते. बुवा जाऊन त्याच्या शेजारी उभे राहिले.

धाकलूचं बोलणं तिथं संपलं. त्यानं मागं वळून अशी आरोळी ठोकली की अख्खा वाडा घराबाहेर आला.

मग काय विचारता! बाया घागरी घेऊन धावल्या, बाप्ये डहाळ्या घेऊन. ऊन उतरता उतरता आग झऱ्यापाशी येऊन मेली. रान वाचलं.

काळ्याठिक्कर तोंडांची माणसं एकमेकांना चिडवत खाली धोंड्यापाशी उतरली. कुणीतरी ढोल काढला. वनरक्षक वाड्याच्या घागरीतलं पाणी प्यायला आणि त्याला रडूच आलं. एवढा आनंद वाड्यानं कैक वर्षांत पाहिला नव्हता.

धाकलूची छाती फुगली होती.

"रान आमी वाचवलं. आता तरी सांगा बुवा, रान कुणाचं?"

बुवांनी काठीनं धोंड्याकडे दाखवलं. तिथं वहाणांचा ढीग पडला होता. सगळ्यात खाली, बुवांच्या वहाणांना लागून, धाकलूच्या चपला होत्या.

तो आपल्या उघड्या पायांकडे बघत राहिला... कधी काढल्या, त्याला आठवेना.

"काय रं धाकलू," बुवा म्हणाले, "सरकारच्या कचेरीत शिरताना कदी चपला काढल्यास का?"