देवीने चाखलेले डाळिंब

निर्मळबुवा महाराजांचा मुक्काम त्या वर्षी डोंगराई देवीच्या डोंगराच्या पायथ्याशी, आंबळवेढे गावात होता. गावकऱ्यांनी मठ बांधून देतो म्हटले, तर महाराज म्हणाले, "मठ बांधला की तो झाडत बसावं लागतं. मला ही चिंच पुरे आहे." त्या चिंचेखाली महाराज भाकरी खायला बसत आणि पहिला घास कुस्करून पाखरांपुढे ठेवत. मग साळुंक्या, चिमण्या, होले खाली उतरत. एखादी चिमणी तर खुशाल महाराजांच्या गुडघ्यावर बसे! मात्र गावचे व्यंकटराव देशमुख, ज्यांना सारा गाव दाजीसाहेब म्हणे, ते तिकडून निघाले की सगळी पाखरे भुर्रकन उडून जात. पाखरांनाही माणूस कळतो, भाविकहो.

चिंचेपलीकडे ठकूबाईचे घर होते. पतीमागे एकटीच राहणारी बाई, मूलबाळ नाही. घरामागे चिमूटभर परस. त्यात सासूने लावलेले एक डाळिंब, एक पेरू, शेवगा आणि अळूचे आळे. महाराज एकदा तिला म्हणाले होते, "बाई, घर रिकामं म्हणून रडतेस कशाला? लेकरं तर दारात येऊन परत जातायत. त्यांची सोय कर." तेव्हापासून ठकूबाईने परसाचे रूपच पालटले. सावलीत शिंक्यात पाण्याचे उथळ मातीचे परळ टांगले, ते रोज घासून भरायचे. मांजर चढू नये म्हणून खोडांना बाभळीचे काटे बांधले. फुटका माठ वळचणीला उपडा अडकवून चिमण्यांना घर दिले. सुगीत जोंधळ्याच्या कणसांची जुडी आढ्याला लटकवली. पालापाचोळाही ती फार झाडत नसे, कारण त्यातले किडे टिपायला साळुंक्या येत. पहाटे त्या परसात असा काही किलबिलाट चाले, की ऐकणाऱ्याने पाण्याची घागर घेऊन तिथेच उभे राहावे!

आता पाखरे म्हटली की ती फळांना चोच मारणारच. दाजीसाहेबांच्या मळ्यात तसले काही चालत नसे. तिथे पहाटेपासून गोफणवाले बसलेले. पाखरू दिसले की दगड सुटलाच. मळ्यातली डाळिंबे लखलखीत, एकावरही ओरखडा नाही. दाजीसाहेब परसाच्या कुंपणाशी थांबून म्हणत, "काय ठकूबाई, झालं का लेकरांचं जेवण? तुला काही ठेवलं, की सालंच?" बरोबरचे हसत. ठकूबाई पदर सावरून आत जाई.

त्या गावात एक रीत होती. कोजागरीला डोंगराईपुढे फळाचा नैवेद्य दाखवायचा, आणि तो दरवर्षी एका घराच्या पाळीने. फळ त्या घरच्याच परसातले हवे, विकतचे चालायचे नाही. त्या वर्षी पाळी ठकूबाईची आली. सासूने शेवटच्या आजारपणात तिचा हात धरून सांगितले होते, "पोरी, दागिने गेले तरी चालतील, पण आईच्या नैवेद्याचा मान सोडू नको." तेवढाच काय तो त्या घराचा वारसा उरला होता.

दाजीसाहेबांनी चावडीवर सर्वांदेखत सांगून टाकले, "नैवेद्य अखंड पाहिजे. देवीला पाखरांचं उष्टं दाखवायला हा काय उकिरडा आहे? नाही जमलं, तर त्या घराचा मान कायमचा आमच्याकडे."

 देशमुखांच्या तोंडाला लागणार कोण?

ठकूबाई तडक परसात गेली. तिने झाड धुंडाळले. शेंड्याकडचे एकच डाळिंब अजून अखंड होते. तिने महाराजांना विचारले नाही. विचारले तर काय सांगतील, ते तिला ठाऊक होते, म्हणूनच विचारले नाही! मागच्या आळीने जाऊन भोयांकडून मासे धरायचे जुने जाळे मागून आणले आणि झाडावर पसरले. त्या दिवशी परसात एकही पाखरू उतरले नाही. परस इतके गप्प झाले, की तिला घास गिळवेना.

कोजागरीच्या सकाळी ती परसात गेली, तर जाळ्यात एक बुलबुल अडकलेला! पंख पिळवटलेला, चोच उघडी, डोळे विस्फारलेले. जितका धडपडावा तितका दोरा रुतत होता. ठकूबाईच्या तोंडून "अगं आई गं!" एवढेच निघाले. तिने विळा आणून जाळे टराटरा फाडले, दोरे एकेक करून सोडवले, पाखराला ओंजळीत धरून परळातले पाणी चोचीला लावले. "चुकलं रे माझं, चुकलं," असे ती त्याला पुन्हा पुन्हा सांगत होती. हळूहळू बुलबुलाने मान उचलली, पंख झटकले, उडून फांदीवर बसला. आणि भाविकहो, बसला तो नेमका शेंड्यापाशी. जिने सोडवले तिच्याच डोळ्यांदेखत त्याने त्या शेवटच्या डाळिंबाला चोच मारली!

हसावे की रडावे, ठकूबाईला कळेना. शेवटी रडतच ती चिंचेखाली गेली आणि महाराजांपुढे सगळे ओतून मोकळी झाली, जाळ्यासकट.

महाराज म्हणाले, "फळ गेलं म्हणून रडतेस, की जाळं लावलंस म्हणून?"

ठकूबाईने डोळे पुसले. "निघाले तेव्हा फळासाठी रडत होते, महाराज. आता जाळ्यासाठी."

महाराजांचा चेहरा उजळला. "मग तेच डाळिंब घे. मी येतो बरोबर."

संध्याकाळी देवळात सारा गाव लोटला होता. दाजीसाहेब चांदीच्या ताटात मळ्यातले टपोरे डाळिंब घेऊन आधीच हजर. ठकूबाईच्या परडीतले चोच मारलेले फळ पाहून ते गरजले, "बाई, लाज कशी वाटत नाही? आईला खरकटं?"

 तेवढ्यात महाराज भिका गुरवाला म्हणाले, "भिका, दोन्ही आत ठेव. कोणतं घ्यायचं ते आईला ठरवू दे. तुम्ही आम्ही कोण ठरवणार?"

गुरवाने दोन्ही फळे देवीपुढे ठेवली, बाहेर येऊन दारे ओढून घेतली. गाभाऱ्याला ना खिडकी ना झरोका. बाहेर घंटा घणघणली. ठकूबाई डोळे मिटून मनात म्हणत होती, "आई, मान गेला तरी जाऊ दे. माझ्या जाळ्याचा राग पाखरांवर काढू नको."

दारे उघडली. गुरव समई उंच धरून तसाच थिजला.

ठकूबाईच्या परडीत रिकामी साल होती! दाणा उरला नव्हता. चांदीचे ताट होते तसेच, फळाला हातही लागला नव्हता.

"उंदरानं खाल्लं असेल!" दाजीसाहेब ओरडत पुढे झाले. मग त्यांची नजर वर गेली. डोंगराईच्या पाषाणाच्या ओठांवर डाळिंबाचा लाल रस चमकत होता. एक ओघळ हनुवटीपर्यंत आला होता. "आई, आई!" करीत सारा गाव लोटांगणात पडला.

दाजीसाहेबांनी आपले डाळिंब फोडले. आत काळा भुगा, आणि त्यात वळवळणारी अळी.

महाराज त्यांच्याजवळ गेले. आवाजात राग नव्हता. "दाजीसाहेब, अळी टिपणारं पाखरू तुम्ही गोफणीनं मारलंत. फळाच्या पोटातल्या अळीला गोफण कशी लागेल? आणि उष्ट्याचं म्हणाल, तर जिनं पाखरू घडवलं, तिला त्याच्या चोचीचा विटाळ होईल का हो?"

दाजीसाहेबांनी पागोटे उतरवून महाराजांच्या पायांवर ठेवायला हात पुढे केला. महाराज मागे सरले. "इथे नाही. तिथे." आणि त्यांनी ठकूबाईकडे बोट दाखवले.

गावचा देशमुख ठकूबाईपुढे वाकला. ती बिचारी लाजून चूर! "उठा दाजीसाहेब, उठा! पाखरं बोलवायची असतील तर बाभळीचे काटे माझ्या कुंपणाचे न्या. मांजरापासून आधी जपावं लागतं."

त्याच रात्री दाजीसाहेबांनी मळ्यातल्या गोफणी जाळल्या. बांधावर पाण्याचे परळ टांगले गेले, खोडांना काटे बसले. पण मारलेला दगड पाखरे लवकर विसरत नाहीत. सारे वर्ष मळा सुनाच राहिला, आणि दाजीसाहेब रोज स्वतःच्या हाताने परळ घासून भरीत राहिले.

पुढच्या आश्विनात एका सकाळी दाजीसाहेब अनवाणी, धोतराचा सोगा सावरत चिंचेकडे धावत आले. हातात एक डाळिंब होते. लहान मुलाच्या आनंदाने ते ओरडले, "महाराज! महाराज, हे बघा! आमच्याही डाळिंबाला चोच लागली!"

आणि ते फळ पुढे ठेवून त्यांनी महाराजांच्या चरणांवर डोके टेकले. चिंचेखाली पाखरे महाराजांनी ठेवलेला घास टिपत होती. त्या दिवशी त्यांतले एकही उडाले नाही.