कुत्रीचं बाळंतपण

खूप जुनी गोष्ट आहे. गावांना अजून वेशी होत्या आणि दिवस मावळला की वेशीची दारं लागायची, तेव्हाची.

अशा एका गावात एक सुईण राहायची. गावातली बहुतेक माणसं तिच्याच हातावर जन्मली होती. ती कधी स्वस्थ बसत नसे. बसली तरी तिचे हात काहीतरी निवडत, पुसत, घड्या घालत राहायचे. तिचा म्हातारा दोर वळायचा. तो म्हणायचा, "हिचे हात झोपेतही कुणाच्या तरी बाळाला तेल लावतात."

सुईणीकडे एक कुत्री होती. आडवेळी कुणाचं बोलावणं आलं, की कुत्री पुढे आणि सुईण मागे. वाटेत साप असला तर कुत्री आधी थांबायची. म्हणून सुईणीचा तिच्यावर फार जीव.

एका थंडीत, सकाळच्या वेळी, ती कुत्री गोठ्यात घोंगडीच्या जुन्या तुकड्यावर व्याली. पाच पिल्लं झाली. सुईणीनं पदर खोचला.

"आजवर तू मला सोबत केलीस," ती कुत्रीला म्हणाली. "आता तुझं बाळंतपण मी करणार. लेकीचं करतात तसं."

आणि तिनं अगदी तसंच आरंभलं. ओली, डागाळलेली घोंगडी नाक धरून उचलली आणि उकिरड्यावर टाकली. तिच्या जागी धुतलेलं लुगडं अंथरलं. अळिवाची खीर शिजत ठेवली. मग कुत्रीचं पोट बांधायला लांब फडकं घेऊन आली.

दाराशी दोर वळत बसलेला म्हातारा म्हणाला, "अगं, बांधतेस काय? तिथंच तर दूध आहे."

"तुम्ही आपले दोर वळा," सुईण म्हणाली. पण फडकं तिनं गुपचूप ठेवून दिलं.

मग तिनं पिल्लांना ऊन पाण्यानं न्हाऊ घातलं, तेल चोळलं, शेगडीवर ओवा आणि धूप टाकून धुरी दिली. एक पिल्लू मात्र आचळाला असं चिकटलं होतं, की सुटेना. "तुला मागाहून," असं म्हणून तिनं ते राहू दिलं आणि बाकीची चार आईजवळ ठेवली.

कुत्रीनं त्यांना हुंगलं, ती शिंकली आणि तिनं तोंड फिरवलं. एक पिल्लू सरपटत जवळ गेलं, तशी ती उठली. न न्हायलेलं पिल्लू तोंडात धरून कडब्याआड जाऊन बसली. सुईणीनं बाकीची चार तिथं नेली. कुत्री पुन्हा उठली आणि अंगणातल्या बैलगाडीखाली गेली. सुईण तिथंही पोहोचली.

असं दुपारपर्यंत चाललं. पिल्लांचं रडणं बारीक होत गेलं. सुईण आत-बाहेर करत होती. शेगडी फुलवली, शेळीचं दूध आणलं, बोट बुडवून त्यांच्या तोंडात घातलं. ती ओढेनात.

"बस की जरा," म्हातारा म्हणाला.

"कशी बसू? माझ्या हातचं लेकरू आजवर गेलं नाही."

"लेकरू तुझं कुठाय? तिचं आहे."

सुईणीनं सगळ्यात लहान पिल्लू ओंजळीत घेतलं. ते गार पडलं होतं. तिनं फुंकर घातली, चोळलं, पण ते हललं नाही. त्या दिवसात पहिल्यांदाच तिचे हात थांबले.

तिनं ते पिल्लू चेहऱ्याजवळ नेलं. त्याला ओव्याचा आणि धुपाचा वास येत होता. दुसरा कसलाच नाही. मग तिनं गाडीखाली पाहिलं. ते पाचवं, चिकट केसांचं, मळकट पिल्लू पोटभर पीत होतं आणि आई त्याला चाटत होती.

सुईण धावत उकिरड्यावर गेली आणि घोंगडी घेऊन आली.

"सकाळी नाक धरून टाकलीस तीच ना?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"तिला आपली लेकरं वासानं कळतात," सुईण म्हणाली. "मी त्यांची ओळखच धुऊन टाकली."

उरलेली तीन पिल्लं तिनं त्या घोंगडीत पुन्हा पुन्हा घोळली, कुत्रीपुढे ठेवली आणि शेगडी उचलून अंगणाच्या पार टोकाला जाऊन बसली. तिचे हात स्वस्थ राहीनात. म्हाताऱ्यानं दोराचं एक टोक तिच्या हातात दिलं. "घे. पीळ दे."

ती पीळ देत राहिली. कान गाडीकडे होते. एक पिल्लू किंचाळलं, तशी ती अर्धी उठली. म्हाताऱ्यानं दोर ताणून धरला. "बस."

ती बसली. मग रडणं थांबलं. चांगलं झालं की वाईट, ते तिला कळेना. जाऊन पाहावं असं फार वाटलं, पण ती गेली नाही. दोर वीतभर वाढला, आणखी वाढला. मग गाडीखालून चुटूचुटू पिण्याचा आवाज यायला लागला.

लहानगं पिल्लू तिनं लिंबाखाली पुरलं. त्यानंतर ती रोज भाकरीचा काला आणि पाणी गाडीपासून लांब ठेवायची आणि मागे फिरायची.

पिल्लांचे डोळे उघडले. एके सकाळी कुत्री अंगणात आली, सुईणीच्या गुडघ्यावर क्षणभर हनुवटी टेकली आणि एकटीच ओढ्याकडे पाणी प्यायला निघाली. पिल्लं गाडीखाली होती, अंगणात एकटी सुईण होती. कुत्रीनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

तेव्हापासून सुईण कुणाच्याही घरी गेली, की आधी उंबऱ्याशी थोडा वेळ हात मांडीवर ठेवून बसायची.

बाळांनो आणि मोठ्यांनो, ज्याची सेवा करायची त्याची रीत आधी ओळखावी, मगच आपला हात पुढे करावा.